जीव पवित्र म्हणायचा आणि रापण पण ओढायची, बायबल नक्की काय म्हणतं?

रापणकर_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, वाचून उत्तर द्या, नुसतं लाईक नको. मी कॅथलिक, वेंगुर्ल्याच्या बाजूचा, आजोबांपासून घरचा रापणीत (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) वाटा आहे, मी नोकरी करतो पण सुट्टीला घरी असलो की दोरी ओढायला किनाऱ्यावर जातोच. ऑफिसात माझ्या बाजूला एक माळकरी काका बसतात, माणूस एकदम सज्जन, मी डबा उघडला की खुर्ची थोडी पलीकडे सरकवतात एवढंच. तर आमच्या चर्चच्या गेटवर 'जीवन पवित्र आहे' असा मोठा बॅनर लागलाय तो त्यांनी येताजाता बघितला आणि मला विचारलं, अरे तुमच्यात जीव पवित्र ना, मग फेस्ताला डुक्कर कसं चालतं? मी म्हटलं काका, ते माणसाच्या जिवाबद्दल आहे. तर म्हणतात, मग तसं लिहा की, जीव तर बांगड्याला पण असतो.

हे एक. दुसरं म्हणजे रविवारी मिस्सा झाल्यावर मी पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो, तिथे सातवीतल्या एकाने विचारलं की दहा आज्ञांत 'खून करू नको' आहे तर मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याने यरीहो शहरात बायकापोरांसकट सगळ्यांना मारलं ते काय होतं. वर्ग एकदम गप्प. फादर म्हणाले पुढच्या रविवारी बोलू.

तर मला प्रवचन नकोय, ते घरी फुकट मिळतं. जिवाच्या पावित्र्याबद्दल बायबलमध्ये खरंच काय लिहिलंय, कुठे लिहिलंय, आणि जे अडचणीचं आहे ते पण सांगा. कुठल्याही धर्माचे असाल तरी चालेल.

मालवणी_मास्तर

रापणकर, आधी तुझ्या काकांचं घेतो, ते सोपं आहे. पोराचं कठीण आहे, ते मागाहून.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा पहिला अध्याय उघड आणि २९-३० वचन बघ. देव माणसाला खायला काय देतो? बी येणारी झाडंझुडपं आणि फळं. जनावरांना हिरवा पाला. म्हणजे एदेन बागेत सगळे माळकरीच होते, हे काकांना बिनधास्त सांग. मांसाची मुभा येते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात, नोहाला, आणि त्याच दमात अट घातलीय की रक्तासकट खायचं नाही, कारण रक्त म्हणजे जीव. त्याच्या पुढच्याच वचनात माणूस येतो, माणसाचं रक्त सांडलं तर त्याचा झाडा मी घेईन, जनावराने सांडलं तर जनावराकडून, माणसाने सांडलं तर माणसाकडून, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा केलेला आहे. सगळा पाया इथेच आहे बघ. जीव सगळेच देवाचे, जनावराचा घ्यायला अटीवर मुभा, माणसाचा घ्यायला तीही नाही.

आणि जनावराचं काहीच नाही असं पण नाही हां. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको (बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, २५:४). घरट्यात पिल्लांवर पक्षीण बसली असेल तर आईला सोडून दे (अनुवाद २२:६-७). योनाचं पुस्तक संपतं तेच मुळी या प्रश्नावर की निनवे शहरात एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत आणि पुष्कळ जनावरं पण आहेत, मला त्यांची कीव येऊ नये का. देव स्वतः जनावरं मोजणीत घेतोय तिथे! आणि येशूचं चिमण्यांचं बोलणं, मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या आणि लूकमध्ये दोन नाण्यांना पाच, म्हणजे जास्त घेतल्या की एक वर फुकट, बाजारात असतं तसं, आणि तो म्हणतो त्यातली एकसुद्धा देव विसरत नाही. फुकटातली पण नाही. मग लगेच सांगतो की तुम्ही पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलाचे आहात. दोन्ही गोष्टी एकदम.

मासे तर काय, त्याचे पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे चौघे जाळीवालेच. पुनरुत्थानानंतर तलावाच्या किनाऱ्यावर निखारे पेटवून त्यांच्यासाठी मासे भाजणारा येशू योहानच्या एकविसाव्या अध्यायात आहे, जाळ्यात १५३ मोठे मासे मिळाल्याचा आकडा सुद्धा दिलाय. आकडा एवढा नेमका का, यावर पंडितांनी डोकी फोडलीत, मला विचारशील तर रापणीवर आल्यावर मोजल्याशिवाय वाटे पडतात का कधी?

शनवारतेली

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ अलिबागकडचे, आता ठाण्याला. मास्तरांनी रक्ताचं सांगितलं त्यात माझी भर.

आमच्यात ते आजही पाळतात, कोंबडी कापली की रक्त पूर्ण काढायचं, मांस मीठ लावून ठेवायचं, धुवायचं, मग शिजवायचं. लेवीय १७ मध्ये तर शिकारीत मारलेल्या जनावराचं रक्त जमिनीवर ओतून वर माती टाकायला सांगितलंय. माझी आजी म्हणायची, जीव घेतलास ना, मग निदान झाक तरी. माशांना हा रक्ताचा नियम नाही पण पर आणि खवले दोन्ही पाहिजेत, म्हणून आमच्याकडे बांगडा, पापलेट, रावस चालतं आणि कोलंबी, मुशी, चिंबोरी, तिसऱ्या नाही. कोकणात जन्मून कोलंबी खायची नाही ही काय परीक्षा आहे ते आम्हालाच माहीत 😄

आता माझं नाव शनवारतेली का ते. आमचे पूर्वज नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले अशी कथा आहे, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या म्हणतात, पुढे गावोगाव तेलाचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले. हे सगळ्यांना माहीत असतं. पण शनिवारी बैल पण सुटायचा, याचा कोणी विचार करत नाही. निर्गम २३:१२ काढून बघा, सातव्या दिवशी काम बंद ठेव, कशासाठी? तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या पोराला आणि परक्याला हुशारी वाटावी. कारण म्हणून पहिलं नाव बैलाचं! घाण्याच्या बैलाला डोळ्यांवर झापड बांधून आठवडाभर गोल फिरवायचं, त्यालाही एक दिवस मोकळा.

आणि हाच शब्बाथ जीव वाचवायचा असेल तर मोडायचा असतो. मोडला तर चालेल असं पण नाही, मोडायलाच हवा. आमच्याकडे त्याला पिकुआख नेफेश म्हणतात, मिश्ना या आमच्या जुन्या कायद्याच्या ग्रंथाच्या योमा भागात आहे, भिंत कोसळली आणि खाली कोणी आहे की नाही, जिवंत आहे की मेला याची खात्री नसली तरी शब्बाथच्या दिवशी ढिगारा उपसायचा.

रापणकर_वेंगुर्ला

मास्तर, शनवारतेली, दोघांचे आभार. एदेन बागेचं काकांना सांगितलं. ते म्हणाले, मग नोहाच्या आधीचंच पाळा की, कोणी अडवलंय? 🙏

एक शंका. रक्त नको हे नोहाला सांगितलं म्हणजे सगळ्या माणसांना सांगितलं ना? मग आमचं सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं) कुठे बसतं त्यात? आमच्या मावशीच्या हातचं तर रक्ताशिवाय होतच नाही.

मालवणी_मास्तर

दुखती नस धरलीस. नव्या करारात सुद्धा आहे ते, प्रेषितांची कृत्ये १५, यरुशलेमात सगळे प्रेषित बसले आणि यहुदी नसलेल्या लोकांतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींसाठी मोजक्या चार गोष्टी ठरवल्या, त्यात रक्त आणि गळा दाबून मारलेलं वर्ज्य हे आहेच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या कायद्यात ते राहिलं. आपल्या पश्चिमेच्या चर्चमध्ये सुरुवातीच्या शतकांतल्या संत ऑगस्टीनच्या काळातच ते कोणी फारसं मानत नव्हतं असं तो स्वतः लिहितो, आणि १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने सरळ सांगितलं की तो नियम त्या वेळेपुरता होता, यहुदी आणि बाकीचे एका पंगतीला बसावेत म्हणून. तेव्हा मावशीला काही बोलू नको. सणाच्या दिवशी उपाशी राहशील.

देवगडचा_नास्तिक

सगळं गोड गोड चाललंय, पोराचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. मी उत्तर देतो, कोणाला राग आला तर येऊ दे.

अनुवाद २०:१६ वाचा. त्या शहरातला श्वास घेणारा एकही प्राणी जिवंत ठेवू नको. श्वास घेणारा! यहोशवा ६:२१ मध्ये पुरुष, बायका, तरुण, म्हातारे, बैल, मेंढरं, गाढवं सगळी तलवारीने. १ शमुवेल १५:३ मध्ये तर तान्ह्या पोरांचं नाव घेऊन सांगितलंय. आणि गंमत म्हणजे त्याच अनुवाद २० मध्ये तीन वचनं पुढे गेलं की शहराला वेढा घालशील तेव्हा फळझाडं तोडू नको असं आहे. आंब्याच्या कलमाला अभय आणि पाळण्यातल्या पोराला नाही. मी देवगडचा, कलमाचं मोल मला कोणी शिकवायला नको, पण हा काय न्याय झाला?

शिवाय निर्गम २१. मालकाने दासाला काठीने मारलं आणि तो जागेवर मेला तर शिक्षा, पण एकदोन दिवस जगून मेला तर काही नाही, कारण तो त्याचा पैसा आहे, अगदी हेच कारण दिलंय. मारकुट्या बैलाने दास मारला तर मालकाला तीस शेकेल. एवढा पवित्र जीव तीस नाण्यांना! त्याच अध्यायात दोघांच्या मारामारीत गरोदर बाईला धक्का लागला तर काय करायचं ते पण आहे, आणि त्यावरून गर्भाला पूर्ण माणूस धरलाय की नाही यावर आजपर्यंत तुमच्याच पंडितांचं एकमत नाही. बॅनर लावताना एवढी खात्री कुठून येते?

पोराला खरं सांगा. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आपला जीव पवित्र होता आणि शत्रूचा नव्हता. जगात सगळीकडे तसंच होतं.

मालवणी_मास्तर

राग कशाला येईल, तू पुस्तक वाचून बोलतोस, बॅनर लावणाऱ्यांपैकी निम्म्यांनी वाचलेलं नसतं.

यरीहोबद्दल. कॅथलीन केन्यन या बाईंनी १९५२ ते १९५८ तिथे खोदकाम केलं आणि त्यांचा निष्कर्ष असा की तटबंदीचं शहर ख्रिस्तपूर्व १५५० च्या आसपास नष्ट झालेलं, यहोशवाचा काळ धरतात तेव्हा तिथे जिंकण्यासारखं फारसं काही नव्हतंच. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की ही नंतरच्या काळात लिहिलेली, विजयाच्या भाषेतली गोष्ट आहे. पण तू म्हणशील घडलं नसलं तरी कौतुकाने लिहिलंय ना, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तो उतारा मुलांना शिकवताना 'तेव्हा तसंच होतं' म्हणून गुळगुळीत करत नाही. त्याच बायबलमध्ये पुढे दावीदाला देव म्हणतो, तू पुष्कळ रक्त सांडलंस म्हणून माझं मंदिर तू बांधायचं नाहीस (१ इतिहास २२:८). देवाच्या लाडक्या राजाला! लढाया देवाच्याच नावाने केलेल्या आणि तरी हात रक्ताचे म्हणून मंदिराला लावू दिले नाहीत. सातवीच्या पोराला मी हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचायला देईन, त्याला कळेल की पुस्तकातच भांडण चाललंय.

काइनचं पण घे. जगातला पहिला खून, भावाचा, आणि देव विचारतो तुझा भाऊ कुठे आहे, त्याचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडतंय. आणि मग त्याच काइनला कोणी मारू नये म्हणून देव स्वतः त्याच्यावर खूण करतो. खुन्याचा जीव पण सुट्टा सोडलेला नाही. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिसनी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून फाशीची शिक्षा मान्य नाही असं घातलं तेव्हा लोक म्हणाले नवीन काय काढलं, पण खूण तर काइनपासूनची आहे.

निर्गम २१ च्या दासाबद्दल तू बोललास ते खरंय, ते वाचून मान खाली जाते. पण शेजारच्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्याशी लावून बघ, तिथे चोरीला, दरोड्याला मरणाची शिक्षा आहे. मोशेच्या कायद्यात चोराने वस्तू दुप्पट चौपट भरून द्यायची, मालासाठी जीव घ्यायचा नाही. घर फोडताना रात्री चोर मेला तर दोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारला तर तुझ्यावर रक्ताचा दोष (निर्गम २२:२-३). आणि उलट बाजूने, खून केला तर पैसे भरून सुटका नाही, गणना ३५:३१, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. श्रीमंताने पाकीट सरकवून प्रकरण मिटवायचं नाही. हे आजही आपल्याला जड जातं.

गर्भाबद्दल बायबलमध्ये थेट कलम नाही हे मान्य. स्तोत्र १३९ आहे, आईच्या उदरात तू मला विणलंस, ते प्रार्थना म्हणून. स्पष्ट मनाई पहिल्यांदा बायबलच्या बाहेर, दिदाखे नावाच्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणात येते. चर्च तेव्हापासून त्यावर ठाम आहे, पण वचन दाखवा म्हटलं तर अशी जोडून दाखवावी लागतात.

आता माझं आवडतं, ज्यावर कोणी बॅनर लावत नाही. अनुवाद २२:८. नवीन घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी पडून मेला तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर. बस्स. तिकडे धाब्यावर लोक झोपायचे, बसायचे. यात कोणाचा राग नाही, सूड नाही, तू कोणाला हात पण लावलेला नाहीस, फक्त गवंड्याचे पैसे वाचवलेस आणि तेवढ्यासाठी खुनाचा शब्द वापरलाय. निर्गम २१:३३ पण तसंच, खड्डा खणला, झाकला नाही, बैल पडला, तर भरून दे. जिवाचं पावित्र्य बायबलमध्ये मला सगळ्यात जास्त इथे दिसतं, चुन्याविटांत.

शनवारतेली

नास्तिक भाऊ, तुमच्या 'आपला जीव आणि शत्रूचा जीव' वर एक. जिवावरच्या खटल्यात साक्षीदाराला साक्षीआधी बजावायचे, ते मिश्नाच्या सनहेद्रिन भागात आहे (४:५). आदाम एकटाच का घडवला? एक जीव घालवला त्याने सगळं जग घालवलं आणि एक वाचवला त्याने सगळं जग वाचवलं हे कळावं म्हणून, आणि माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा असं कोणी म्हणू नये म्हणून. फाशीबद्दल पण, सात वर्षांत एकाला देहदंड देणारं न्यायमंडळ म्हणजे घातकी, आणि एकाने तर सत्तर वर्षं म्हटलंय. म्हणजे कायदा पुस्तकात ठेवला आणि वापरायची वाट इतकी अवघड केली की वापरताच येऊ नये. यरीहोवाले पण आमचेच आणि हे पण आमचेच, काय करणार.

गाबीत_दांडी

माका बायबलातला काय कळना नाय, पण ह्यो कठड्याचो विषय वाचून गप बसवना. पुढचां मराठीत लिवतंय, नायतर मुंबैकरांका कळाचा नाय.

आमच्या तालुक्यात चिरेखाणी किती आहेत ते बघा. जांभा काढून झाला की ठेकेदार मशीन उचलून पुढच्या खाणीवर जातो आणि मागे वीस वीस फूट सरळ तासलेला खड्डा, काठाला ना कुंपण ना दगड. पावसात तो भरतो, वर शेवाळ धरतं, हिरवं मैदान वाटतं. गुरं पडतात, पोरं पोहायला उतरतात, चारी बाजूंनी भिंत सरळ त्यामुळे धरून वर यायला काहीच नाही. पडलेल्या माणसासाठी दोर टाकायला जावं लागतं तेव्हा कळतं. आमच्याकडच्या एका खाणीवर गावाने अर्ज केले, कागद इकडून तिकडे फिरले, शेवटी गावातल्या पोरांनीच बाभळीचे फाटे आणून टाकले. त्या मोशेने हे तीन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं असेल तर मी त्याच्या बाजूने.

आणि बोटीवरची लाईफ जॅकेटं. असतात हो, तपासणीच्या दिवशी असतात. बाकी वेळ खालच्या खणात, वर बर्फाचे क्रेट. मालकाला विचारलं तर म्हणतो अंगात घातलं की खलाशी काम करत नाहीत. खलाशी बहुतेक नेपाळी नाहीतर बाहेरच्या राज्यातले, त्यांना कोण विचारतो.

त्या पक्षिणीचं पण पटलं, आईला सोडून दे ते. १ जून ते ३१ जुलै बंदी कशासाठी असते? अंड्यावरचं मासं वाचावं म्हणूनच ना. आमचे म्हातारे नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी घालायचे नाहीत. आता एलईडी लावून रात्री बारकं पोर सुद्धा उचलतात, केंद्राने २०१७ लाच बंदी केलीय तरी समुद्रात दिवे दिसतातच. रापणवाल्यांनो, तुमच्या जाळ्यात जीव जातो खरा, पण पुढच्या वर्षाचा उरतो.

देवगडचा_नास्तिक

कठडा मान्य. चिरेखाण शंभर टक्के मान्य. यरीहो मान्य नाही ते नाहीच.

कुडाळची_पोर

विषय थोडा बाजूला नेतेय, माफ करा. आम्ही पण ख्रिस्ती. आमची आजी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर आहे, दोन्ही किडन्या गेल्यात, डॉक्टर म्हणतात परत येणार नाही. मामा म्हणतो नळी काढणं म्हणजे पाचवी आज्ञा ('खून करू नको') मोडणं, जीव देवाचा आहे आपण कोण. आई म्हणते देवाचा आहे म्हणूनच त्याला नेऊ द्या. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. इथे एवढे वाचलेले लोक आहेत म्हणून विचारतेय.

नुसती_नर्स

कुडाळच्या पोरी, बाजूला नाही नेलास, हाच तर विषय आहे. मी रत्नागिरीत आयसीयूला काम करते, कॅथलिक आहे, आणि हे भांडण वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर नेहमी ऐकते.

मामांना सांग की चर्च त्यांच्याइतकं कडक नाही. १९५७ ला पोप पायस बारावे यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे बोलताना सांगितलं होतं की साधी नेहमीची काळजी घेणं बंधनकारक आहे, पण रोग्याला आणि घरच्यांना न झेपणारे असाधारण उपाय करत राहणं बंधनकारक नाही. कॅथलिक धर्मशिक्षणात २२७८ नंबरला तेच आहे, फार जड, धोक्याचे, आणि होणाऱ्या फायद्याच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं चालतं, त्यात मरण आणायचा हेतू नसतो, फक्त ते अडवता येत नाही हे स्वीकारलेलं असतं. इंजेक्शन देऊन मारणं मात्र चालत नाही, त्याच्या आधीच्याच परिच्छेदात मनाई आहे. वेदना कमी करायची औषधं त्यामुळे आयुष्य थोडं कमी होईल असं वाटलं तरी देता येतात. अन्नपाणी, स्वच्छता, कूस बदलणं, तोंड ओलं करणं हे सोडायचं नाही. पोप जॉन पॉल दुसरे शेवटी २००५ ला परत हॉस्पिटलात गेले नाहीत, व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच राहिले, ते तर जिवाच्या पावित्र्यावर आयुष्यभर बोललेले.

बायबलचं म्हणशील तर मला एलीया संदेष्टाच आठवतो. १ राजे १९ मध्ये तो रानात झुडपाखाली पडून म्हणतो, देवा आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत त्याला पाप-पुण्य काही सांगत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपतो तर झोपू देतो. मग परत उठवतो, परत खायला. आमच्याकडे 'मला नाही जगायचं' म्हणणारा पेशंट आला की नातेवाईक कानाशी उपदेश सुरू करतात, तेव्हा मी आधी विचारते, जेवलाय का, झोप झालीय का. पण तुझ्या आजीची भाकर खायची वेळ डॉक्टर म्हणतात तशी खरंच टळली असेल तर तिला उठवत राहणं म्हणजे सेवा नाही.

शनवारतेली

नर्सताई, तुमचा एलीया म्हणजे आमचा एलियाहू हन्नबी, आमच्या घरातला हो! आनंदाच्या वेळी, नवस फेडायला मलिदा करतो तो त्यांच्याच नावाने, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे, इस्रायलहून आमची माणसं येतात ती तिथे गेल्याशिवाय परत जात नाहीत. मरण मागणाऱ्या माणसाच्या नावाने पोहे वाटतो हे मात्र कधी सुचलं नव्हतं. पोरी, आजीसाठी प्रार्थना करतो.

कुडाळची_पोर

नर्सताई खूप आभार, मामाला वाचून दाखवलं, गप्प झाला, चिडला नाही. पण आता हॉस्पिटलवाले म्हणतात आम्हाला असं काढता येत नाही, पोलीस केस होते. आजीने काही लिहून पण ठेवलेलं नाही. खरंच केस होते का?

नुसती_नर्स

नियमाने केलं तर नाही होत. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ ला सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा वाट उघडली आणि ९ मार्च २०१८ च्या पाच न्यायाधीशांच्या निकालाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कोणी वापरूच शकत नव्हतं, जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आजीने लिहून ठेवलेलं नसलं तरी घरच्यांच्या संमतीने होतं. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचं हॉस्पिटलचं मंडळ बसतं, ते हो म्हणालं की दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. दोघांचं जमलं की हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं आणि मग काढतात. छोट्या हॉस्पिटलांना हे माहीत नसतं किंवा त्यांना त्या भानगडीत पडायचं नसतं, म्हणून पोलिसाचं नाव पुढे करतात. तू लेखी अर्ज दे, 'प्रायमरी मेडिकल बोर्ड बसवा' एवढंच लिही, पोच घे. आईची आणि मामाची दोघांची सही घे, एकाचीच नको.

आणि आईला म्हणावं, अशी वेळ आली तर उपचार कधी थांबवायचे ते तिचं स्वतःचं आत्ताच लिहून ठेव. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आता कोर्टात जावं लागत नाही. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्याचं नाव त्यात घालायचं. मामाचं नाव घालणार असेल तर आधी त्याच्याशी नीट बोलून घ्यायला सांग.

देवगडचा_नास्तिक

अर्जाचा नमुना हवा असेल तर मेसेज कर, माझ्या वडिलांच्या वेळी मी केला होता. बोर्डाचं नाव मराठीत लिहिलंस तरी घेतात, पण पोच देताना तारीख आणि वेळ घालतात का ते बघ.